रस्त्याकडेचे दगड: कोणाची हद्द, कोणाची वाहिनी

महाराष्ट्रातल्या एखाद्या राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने किलोमीटरभर पायी चालून पाहा. पिवळ्या माथ्याचा किलोमीटरचा दगड लागतो. त्याच्या पुढे दोनशे मीटरवर नुसता ‘२’ आकडा असलेला बुटका दगड येतो. गटारापलीकडे शेताच्या कडेला रंग उडालेला काँक्रीटचा खांब असतो, त्यावर ‘सा.बां.वि.’ ही अक्षरं. झुडपात ‘ओएफसी’ कोरलेला ठोकळा, त्याला खेटून दुसऱ्या कंपनीचा ठोकळा, आणि जरा पुढे गॅसवाहिनीचा इशारा देणारा पिवळा खांब. आपण या सगळ्यांना सरसकट ‘दगड’ म्हणतो. पण त्यांतल्या प्रत्येकाचा धनी वेगळा, काम वेगळं, आणि त्याच्यावर किती विसंबायचं तेही वेगळं. विहीर खणणारा शेतकरी, चारी घेणारा जेसीबीवाला आणि रस्त्यालगत प्लॉट घेणारा नोकरदार या तिघांनाही हे दगड वाचता यायला हवेत. ते शाळेत कोणी शिकवत नाही आणि खरेदीखत करतानाही कोणी समजावून सांगत नाही.

हद्द दगडाने सांगण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. शिलाहारांच्या काळातले गधेगाळ कोकणात अजून वाटेवर, देवळाच्या आवारात, शेताच्या बांधावर उभे दिसतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचं शिल्प. अलिबागजवळच्या अक्षी गावचा लेख याच जातीचा. त्याचा काळ इ.स. १०१२ असा वाचला गेला आहे. त्या काळी दगड हलवणाऱ्याला धाक शापाचा होता. मुंबईत सेंट थॉमस चर्चपासूनचं अंतर सांगणारे काळ्या पाषाणाचे मैलाचे दगड इंग्रजांनी बसवले. रस्ते वर चढत गेले तसे त्यांतले बरेच पदपथात गाडले गेले, आणि अलीकडच्या वर्षांत काही पुन्हा उकरून जतन केले गेले.

आजच्या हद्दीच्या दगडांचा सांधा मात्र जमीनमोजणीशी जुळतो. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी मोजणी आणि आकारणी केली, तीच पुढे मुंबई इलाख्याची पद्धत ठरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शेताच्या कोपऱ्यावर दगड रोवायचा, टिपणात त्याचं माप लिहायचं आणि गावनकाशावर ते उतरवायचं, अशी ही रचना होती. सातबाऱ्यावर ‘सीमा आणि भूमापन चिन्हे’ असा रकाना असतो, तो त्याच व्यवस्थेचा भाग. बहुतेक उताऱ्यांवर तो रिकामा असतो, आणि या विषयाची निम्मी दुखणी त्या रिकाम्या रकान्यात आहेत.

आणखी एका मोजणीचे दगड लोकांना चकवतात. १८०२ साली सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या आणि त्यानंतरच्या उंचीमोजणीच्या खुणा पुलांच्या कठड्यांवर, जुन्या विश्रामगृहांच्या पायऱ्यांवर, देवळांच्या चौथऱ्यांवर कोरलेल्या आहेत. वर ‘जीटीएस’ आणि खाली ‘बीएम’ ही अक्षरं दिसली, तर तो तलचिन्हाचा दगड. समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणं एवढंच त्याचं काम, कोणाच्या हद्दीशी त्याचा संबंध नाही. नागपूरचा १९०७ सालचा झिरो माइल याच कुळातला. तो देशाचा मध्यबिंदू असल्याची समजूत लोकप्रिय आहे, पण पुराव्याने पक्की झालेली नाही. तलचिन्ह म्हणून त्याचं मोल तेवढ्याने कमी होत नाही.

अंतराच्या दगडांबद्दल फार लिहायला नको. त्यांचे नमुने भारतीय रस्ते महासभेने म्हणजे आयआरसीने ठरवून दिलेले आहेत. राष्ट्रीय महामार्गाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याचा केशरी. जिल्हा मार्गांवर निळा किंवा काळा दिसतो. दर पाचव्या किलोमीटरचा दगड आकाराने मोठा असतो. मधल्या बुटक्या दगडांवरचे २, ४, ६, ८ हे आकडे म्हणजे मागच्या किलोमीटरपासून तितके शंभर मीटर. अपघाताची जागा पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला सांगताना हे बुटके दगड फार उपयोगी पडतात, कारण त्यांच्यामुळे जागा दोनशे मीटरच्या आत सांगता येते. एक खबरदारी मात्र घ्यावी. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. मुंबई-गोवा महामार्ग सतराचा सहासष्ट झाला, पुणे-सोलापूर नऊचा पासष्ट. जुन्या क्रमांकाचे दगड काही ठिकाणी अजून उभे आहेत, आणि जुन्या खरेदीखतांतल्या चतुःसीमाही त्याच क्रमांकाने लिहिलेल्या आहेत.

खरा घोळ रस्त्याच्या हद्दीच्या दगडापासून सुरू होतो. रस्ता म्हणजे डांबर, अशी आपली सर्वसाधारण समजूत. प्रत्यक्षात डांबर हा रस्त्याच्या जमिनीचा मधला पट्टा असतो. खुल्या, शेतीच्या भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गासाठी आयआरसीच्या शिफारशीप्रमाणे साधारण ४५ मीटर रुंदीची जमीन धरली जाते. साइडपट्टी, गटार, झाडांची ओळ आणि पुढच्या रुंदीकरणाची जागा हे सगळं त्यातच येतं. या जमिनीच्या दोन्ही कडांना जे काँक्रीटचे खांब असतात, ते हद्दीचे दगड. त्यांचाही नमुना आयआरसीने १९६७ सालीच दिला आहे. खांबावर ‘सा.बां.वि.’ किंवा ‘पीडब्ल्यूडी’ असेल, तर बसवणारं खातं राज्याचं, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग. ‘एनएचएआय’ असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. या खांबांच्या आतली जागा रिकामी दिसली तरी ती रस्त्याची असते.

खांबाबाहेरची जमीन खासगी असली, तरी तिथे हवं तसं बांधता येत नाही. आयआरसीच्या मापाने रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ४० मीटरपर्यंत इमारत रेषा आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा धरतात. अशा रेषा आखण्याचा अधिकार राज्याला १९५५ च्या महामार्ग कायद्याने दिलेला आहे. या रेषांवर कुठलाही दगड नसतो. खांब पाहून ‘इथून पुढे आपलं’ असं मानणाऱ्या माणसाला बांधकामाच्या परवानगीच्या वेळी धक्का बसतो, तो इथेच. प्लॉट दाखवणारा दलाल खांब दाखवतो, पण रेषेबद्दल बोलत नाही.

उलट दिशेचा घोळ शेतकऱ्याच्या वाट्याला येतो. रस्त्यासाठी जमीन संपादित झाली, मोबदल्याचे कागद कुठल्या तरी कचेरीत राहिले, आणि सातबाऱ्यावर क्षेत्र कमी झालंच नाही, अशी उदाहरणं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. मग नातू जमीन विकायला काढतो तेव्हा उतारा एक सांगतो आणि खांब दुसरंच. अशा वेळी खांब हा पुरावा असतो, निकाल नसतो. निकाल मोजणीचा. भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा, भूकरमापक येतो, टिपण आणि संपादनाचा नकाशा पाहून हद्द कायम करतो आणि मोजणीची ‘क’ प्रत मिळते. ती हातात येईपर्यंत कोणत्याही दगडाला अंतिम मानू नये आणि उपटूही नये.

गावाच्या आतल्या वाटांना तर बहुधा दगडच नसतात. गावनकाशावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. ती त्या तेहतीस फुटी साखळीची बरोबर चौथाई. दोन्ही बाजूंचे शेतकरी दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने बांध कोरत जातात आणि पाणंद पायवाटेएवढी उरते. वाद तहसीलदाराकडे जातो, कधी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली, कधी महसूल संहितेच्या कलम १४३ खाली. पाणंदीच्या दोन्ही तोंडांना आणि प्रत्येक वळणावर एकदाच काँक्रीटचे खुंट रोवले असते, तर यांतले कितीतरी दावे उभेच राहिले नसते. महामार्गाला जो हद्दीचा दगड मिळतो, तो पाणंदीला मिळत नाही. महसूल प्रशासनाची ही जुनी आणि सहज दुरुस्त होण्याजोगी उणीव आहे.

आता जमिनीखालच्या वाहिन्या. इथे दगड न वाचण्याची किंमत पैशांत मोजावी लागते, कधी जिवानेही.

‘ओएफसी’ म्हणजे ऑप्टिकल फायबर केबल. दूरसंचार खात्याच्या जुन्या पद्धतीप्रमाणे साध्या मातीत ही केबल १.६५ मीटर खोल चारीत टाकली जाते. मार्गावर साधारण दर दोनशे मीटरवर आणि वळणांवर मार्गदर्शक दगड बसवतात. जिथे केबल जोडली आहे तिथे वेगळा दगड. जोडाचा दगड ओळखणं फार महत्त्वाचं, कारण तिथे केबलचं वेटोळं सोडलेलं असतं आणि चारी रुंद असते. दगड केबलच्या डोक्यावर नसून बहुधा बाजूला रोवलेला असतो. दोन दगड दिसले म्हणून त्यांच्यामधून सुतळी धरून केबल सरळ गेली असेल, असं मानण्यात मोठा धोका आहे. मध्ये मोरी लागली, खडक लागला, झाड आडवं आलं, की केबल वळसा घेते. खडकात खोलीही कमी होते, आणि वर लोखंडी नळी किंवा काँक्रीटचं कवच येतं. दगड ‘इथे काहीतरी आहे’ एवढं खात्रीने सांगतो. नेमकं कुठे आणि किती खोल, ते मालकाच्या नकाशावर, आणि कधी कधी तिथेही नसतं.

विजेच्या भूमिगत केबल याहून बऱ्याच वर असतात. भारतीय मानकाप्रमाणे कमी दाबाची केबल पाऊण मीटर आणि ११ केव्हीची ९० सेंटीमीटर खोल. म्हणजे फायबरपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी फावडं विजेच्या केबलवर पडू शकतं. त्यासाठी केबलवर वाळू, वाळूवर विटा किंवा काँक्रीटच्या फरश्या टाकतात. चारी खणताना ओळीने मांडलेल्या विटा लागल्या, तर तो जुन्या घराचा पाया असेल अशा समजुतीने त्या उपसू नयेत. काम तिथेच थांबवावं. विटांची अशी सरळ ओळ हीसुद्धा एक खूणच आहे, फक्त जमिनीखालची.

दगडावरची अक्षरं त्याचं वयही सांगतात, आणि ते ओळखणं कठीण नाही. ‘पी अँड टी’ असेल तर तो डाक-तार खातं एकत्र असतानाचा. १९८५ साली ती खाती वेगळी झाली. ‘बीएसएनएल’ असेल तर ऑक्टोबर २००० नंतरचा. ‘एमएसईबी’ म्हणजे वीज मंडळाचा, २००५ साली मंडळाच्या महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती अशा कंपन्या होण्याआधीचा. ‘एमआयडीसी’ असेल तर १९६२ नंतरचा, आणि तो औद्योगिक क्षेत्राची हद्द दाखवत असेल किंवा महामंडळाची पाण्याची वाहिनी. पुणे, खडकी, देवळाली, कामठी अशा छावण्यांच्या आसपास बाणाच्या टोकाची खूण आणि क्रमांक असलेले खांब दिसले, तर ती संरक्षण खात्याची जमीन. जुनी अक्षरं दिसली म्हणजे वाहिनी मेली, असं मात्र समजू नये. नाव बदललं तरी वाहिनी तीच राहते, आणि जुन्या दगडाखालून आज नव्या कंपनीचा प्रवाह चालू असू शकतो.

सर्वांत काळजीने वाचायचे ते तेल आणि गॅसवाहिन्यांचे खांब. दाभोळ, उरण, पनवेल, मनमाड या टापूंतून मोठ्या वाहिन्या जातात, आणि बऱ्याचशा शेतांतून. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्याप्रमाणे सरकार इथे जमिनीची मालकी घेत नाही, फक्त ‘वापराचा हक्क’ घेते. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, पीकही घेता येतं. पण त्या पट्ट्यात इमारत, विहीर, तळं, बंधारा करता येत नाही आणि झाड लावता येत नाही. हक्काचा मोबदला म्हणून बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम आणि कामाच्या वेळच्या नुकसानीची भरपाई वेगळी, अशी तरतूद आहे. कायमच्या बंधनाला दहा टक्के ही रक्कम मला तोकडी वाटते. ज्या शेतात फळबाग किंवा विहीर हीच पुढच्या पिढीची आशा आहे, तिथे तर फारच तोकडी. पण शेतकऱ्याचा हा राग खांबावर निघाला, तर त्याचा धोका त्या शेतकऱ्यालाच पहिला.

या पट्ट्यात अनेक प्रकारचे खांब असतात. पट्ट्याच्या कडा दाखवणारे हद्दीचे दगड, वाहिनीचे किलोमीटरचे दगड, विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून दिसावेत म्हणून उंचावर मोठे आकडे लावलेले खांब, रस्ता-नदी-रेल्वे ओलांडतानाचे इशाराफलक, आणि साधारण दर किलोमीटरला एक छोटी पेटी असलेला खांब. ही पेटी लोकांना कोड्यात टाकते. कोणाला ती विजेची वाटते, कोणाला आत तांब्याची तार असल्याचं कळतं आणि ती फोडली जाते. जमिनीतली पोलादी वाहिनी गंजू नये म्हणून तिच्यावर लेप असतो, आणि शिवाय तिला एक हलका विद्युतप्रवाह सतत पुरवलेला असतो. या संरक्षणाला कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात. त्या पेटीतली तार थेट वाहिनीला जोडलेली असते. तंत्रज्ञ येऊन मोरचुदाच्या द्रावणात तांब्याची कांडी असलेला इलेक्ट्रोड जमिनीवर टेकवतो आणि विद्युतदाब मोजतो; तो उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असेल तर वाहिनी सुरक्षित. पेटी फोडली की त्या पट्ट्यातली वाहिनी गंजते आहे की नाही, ते तंत्रज्ञाला कळेनासं होतं. खुल्या शेतात वाहिनीवर किमान एक मीटर माती ठेवण्याचा दंडक आहे. खोल नांगरट, सपाटीकरण आणि माती उचलून नेणं यांनी हाच थर कमी होत जातो. २०११ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाहिनीचं नुकसान आणि चोरी यांच्या शिक्षा कडक झाल्या, पण माती उचलणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला ती पेटी कशाची आहे, हे कोणी सांगितलेलं नसतं.

कायदा सर्व दगडांना काही ना काही संरक्षण देतो. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४३४ सरकारी अधिकाराने लावलेली हद्दखूण नष्ट करणाऱ्याला किंवा हलवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे आपल्या जमिनीवरच्या हद्दखुणा नीट ठेवण्याची जबाबदारी धारकाची आहे, आणि त्या कोणी नष्ट करू नयेत हे पाहणं गावकामगारांचं काम. पण दगड सर्वांत जास्त कोण हलवतं, हे पाहिलं तर उत्तर वेगळं येतं. रस्ता रुंद करताना कंत्राटदार जुने दगड उपटून कडेला टाकतो. नवे कधी बसतात, कधी नाहीत; बसलेच तर सोय पाहून गटाराच्या कडेला बसतात. एका खात्याने रुंदीकरणात आपली वाहिनी सरकवली, पण तिचा दगड जुन्या जागी राहिला, असंही होतं. खोटा दगड नसलेल्या दगडापेक्षा घातक असतो, कारण माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. रस्त्याचं काम पूर्ण झाल्याचा दाखला देताना किलोमीटरचे दगड मोजले जातात. त्यासोबत प्रत्येक हद्दीच्या आणि वाहिनीच्या दगडाचे अक्षांश-रेखांश मागितले, तर खर्च नगण्य वाढेल. रोव्हर यंत्राने आज मोजणी खातं काही सेंटीमीटरपर्यंत अचूक स्थान घेतंच आहे. ती नोंद लोकांना उघडपणे पाहता यायला हवी, एवढीच उणीव आहे.

शहरात भूमिगत सेवा कुठे, किती खोल आणि कोणत्या क्रमाने असाव्यात याची मार्गदर्शिका आयआरसीने दिलेली आहे, पण जुन्या पेठांमध्ये ती पाळायला जागाच उरलेली नाही. तिथे दगडांऐवजी पदपथातल्या पाट्या, झाकणं आणि डांबरावर रंगाने मारलेल्या खुणा वाचाव्या लागतात. खोदकामातल्या बेबंदपणाने देशात दरवर्षी सुमारे दहा लाख वेळा फायबर तुटतं आणि सुमारे तीन हजार कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज होता. त्यावर उपाय म्हणून २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झालं. खोदणाऱ्याने जागा नोंदवायची, त्या जागेतल्या वाहिन्यांच्या मालकांना सूचना जाते आणि त्यांनी उत्तर द्यायचं, अशी त्याची रीत. कल्पना उत्तम आहे. पण वाहिन्यांचे मालक आपले नकाशे किती प्रामाणिकपणे भरतात, यावरच तिचं यश ठरेल. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले मार्गाधिकाराचे नियम वाहिनी टाकण्याची परवानगी सोपी करतात. तेवढ्याच नेटाने टाकलेल्या वाहिनीची खूण राखण्याची सक्तीही व्हायला हवी.

वाचकांना एक विनंती. आपल्या शेताच्या, सोसायटीच्या किंवा गावच्या रस्त्याच्या कडेचे दगड एकदा फिरून पाहा. अक्षरं, क्रमांक आणि जागा फोटोसह वहीत टिपून ठेवा. पडलेला दगड दिसला तर तो स्वतः उभा करू नका. ज्याची अक्षरं त्यावर आहेत त्या खात्याला किंवा कंपनीला लेखी कळवा आणि पत्राची पोच घ्या. गॅसवाहिनीच्या खांबावरचा फोन क्रमांक मोबाइलमध्ये साठवा. ग्रामसभेत पाणंदींच्या तोंडांना खुंट रोवण्याचा ठराव मांडा आणि त्यासाठी मोजणीचा अर्ज ग्रामपंचायतीमार्फत करून घ्या. आणि कुठेही चारी घेण्यापूर्वी ॲपवर नोंद करा, उत्तर येईपर्यंत जेसीबी उभा ठेवा.